आधी मुक्काम, मग धबधबा

पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरू लागल्या की आमच्या कर्जत-खालापूर भागाचं रूपच पालटतं. शनिवार-रविवारी कर्जत लोकलला पाय ठेवायला जागा नसते. भिवपुरी, आषाणे, पळसदरी, सोलनपाडा, नेरळजवळचं जुम्मापट्टी आणि खोपोलीचा झेनिथ ही नावं मुंबई-पुण्याच्या पोरांना तोंडपाठ झालेली असतात. आम्ही कडावकर मात्र लावणीच्या चिखलात किंवा घरच्या ओल्या कपड्यांच्या ढिगात असतो. ज्या डोंगराच्या पायथ्याशी जन्म गेला, त्याच्या धबधब्याखाली एकदाही न भिजलेल्या बायका आमच्या गावात कमी नाहीत.

पूर्वी बाईला घराबाहेर पडायला देवाचं निमित्त लागायचं. कडावच्या बालदिगंबर गणपतीला नाहीतर महडच्या वरदविनायकाला जायचं, नारळ फोडायचा आणि दिवे लागायच्या आत घरी यायचं. आता ‘वर्षासहल’ हा शब्द बचत गटाच्या बैठकीतही ऐकू येतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आणि ‘आपणही जाऊ या की’ म्हणण्याचं धाडस वाढलं. मला याचा मनापासून आनंद आहे. वर्षभर दुसऱ्यांचे डबे भरणाऱ्या बाईने एक दिवस पावसात उभं राहून मोठ्याने हसावं, यात वावगं काहीच नाही.

यंदा आमच्या गटातल्या चौदा जणींनी एक पाऊल पुढे टाकलं. नुसती दिवसाची सहल नको, एक रात्र मुक्काम करायचा, असा ठराव झाला. त्यावर एका ताईंच्या मुंबईच्या भाच्याने फोनवरून सल्ला दिला, ‘‘मावशी, कॅरव्हॅन घ्या भाड्याने. झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, बाथरूम, सगळं गाडीतच असतं. धबधब्याजवळ गाडी लावायची आणि मजा करायची!’’ चाकांवरचं घर ही कल्पना सगळ्यांना आवडली. फक्त गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकूंनी विचारलं, ‘‘शेगडी पण हाय म्हणता? मग रांधायचं कोणी? घरचं सुटलं न् गाडीतलं लागलं!’’ बैठक हसून लोटपोट झाली, पण काकूंचा प्रश्न खोटा नव्हता. बाई सहलीला निघाली तरी स्वयंपाकघर तिच्यासोबत निघतं.

कॅरव्हॅन आता केवळ परदेशातल्या सिनेमात दिसणारी गोष्ट राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी खास तळ असावेत, तिथे गाडी उभी करायला पक्की जागा, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असावं, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगलाच आहे. कारण हे वाहन म्हणजे घर असलं तरी त्या घराला अंगण लागतं. ते अंगण नसेल तर सगळा खेळ बिघडतो.

म्हणूनच मी बैठकीत मैत्रिणींपुढे तीन प्रश्न ठेवले. गाडी रात्री कुठे उभी राहणार? बाई शौचाला कुठे जाणार? आणि पाणी वाढलं तर परत कुठून यायचं? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत मेनू आणि साड्यांचे रंग ठरवायचे नाहीत. आपल्याकडे सहलीचं नियोजन म्हणजे बटाटेवडे की थालीपीठ एवढंच असतं. धबधब्याच्या सहलीत मात्र या तीन प्रश्नांवर जीव अवलंबून असतो.

पहिला प्रश्न गाडीचा. आमच्याकडे धबधब्यांकडे जाणारे बहुतेक रस्ते एका गाडीपुरते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. जुलैत खाली उतरवलेलं चाक चिखलात रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. मधोमध मोठी गाडी अडकली तर एसटीही अडते आणि बाळंतिणीला न्यायला आलेली १०८ची रुग्णवाहिकाही अडते. नदीकाठ सपाट दिसतो म्हणून तिथे मुक्काम करावा, तर रात्रीत नदी कुठवर येईल याचा भरवसा नाही. २६ आणि २७ जुलै २०१९च्या दरम्यानच्या रात्री उल्हास नदी अशी फुगली, की बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्यात गरोदर बायकाही होत्या. आगगाडीची ही गत, तिथे आपल्या गाडीचं काय घेऊन बसलात!

बरं, नदी टाळून डोंगराच्या कुशीत गाडी लावू म्हटलं, तर इर्शाळवाडी आठवते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही आदिवासी वाडी झोपेतच दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्यांचं तर ते घरच होतं, कुठे जाणार होती ती माणसं? आपण हौसेने जाणारे. आपल्याला जागा निवडता येते, तर तीव्र उताराखाली आणि ओढ्याच्या तोंडाशी रात्र काढू नये. मुक्काम गावात, वस्तीजवळ, पक्क्या आणि उंच जमिनीवर हवा.

चाकांवरच्या घरातला आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता. या वायूला ना रंग, ना वास. बाहेर पाऊस आहे म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या आणि एसीसाठी रात्रभर जनरेटर चालू ठेवायचा, हे जिवावरचं काम आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये हे आपल्या आज्या सांगायच्या, तेच शास्त्र इथेही लागू आहे.

दुसरा प्रश्न शौचालयाचा. हा विषय निघाला की आवाज हळू होतो. का व्हावा? पुरुषांना अख्खं रान मोकळं असतं. बाई मात्र सकाळपासून पाणीच पीत नाही, ‘लागायला नको’ म्हणून. मग संध्याकाळी डोकं दुखतं आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. पाळी आली असेल तर हाल विचारू नका. २०११ साली मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, तेव्हा कुठे शहरात यावर उघडपणे बोलणं सुरू झालं. धबधब्यांवर ते अजून यायचंय.

गाडीतच बाथरूम आहे म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. त्या बाथरूमची टाकी भरते आणि कुठेतरी रिकामी करावी लागते. खास तळ नसेल तर कुठे? ओढ्यात? आमच्या वाड्यांमध्ये ओढ्याच्या काठाशी विहिरी नाहीतर डवरे असतात. वर कोणी घाण सोडली तर खाली ती कुणाच्या तरी हंड्यात येते. हंडा भरणारीही बाईच असते आणि जुलाब झालेलं मूल उचलून दवाखान्यात धावणारीही बाईच. आपली एक रात्रीची मौज दुसऱ्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात उतरू नये, एवढं तरी आपण पाहायला हवं.

तिसरा प्रश्न परतीचा. धबधबा पाहताना आपण खाली असतो आणि पाऊस वर पडत असतो. माथेरानच्या किंवा राजमाचीच्या माथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, एक बाई आणि चार मुलं. एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभी असलेली ती माणसं सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली. त्यांनी काही मोठं साहस केलं नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखीच, रविवारी भिजायला आलेली ती माणसं होती.

लोंढा येण्याआधी पाणी काही खुणा देतं. नितळ पाणी एकदम गढूळ होतं. पाचोळा, काटक्या वाहून येऊ लागतात. आवाज जड होतो. यातलं काहीही दिसलं की फोटो, चप्पल, पिशवी सगळं सोडून काठावर, आणि काठावरूनही उंचावर जायचं. प्रवाह ओलांडून परत यावं लागेल अशा ठिकाणी मुळात जायचंच नाही. आमच्या पेज नदीचं तर आणखी वेगळं. भिवपुरीच्या वीजकेंद्रात वीज तयार झाल्यावर पाणी या नदीत सोडतात, त्यामुळे पाऊस नसतानाही पाणी कमी-जास्त होतं. म्हणून पाहुण्यांनी स्थानिक बाईमाणसाला विचारल्याशिवाय नदीत पाय घालू नये.

निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा इशारा जरूर बघा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो जोरदार पाऊस, ११५.६च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४च्याही पुढे अत्यंत जोरदार. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल पुढे ढकला. पैसे बुडाले तर बुडू देत. धबधबा काही पळून जात नाही.

यावर कोणी म्हणेल, सरकार बंदी घालतंच की! घालतं खरं. पावसाळा आला की धोकादायक धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरता असतो. पोलीस तरी किती वाटा अडवणार? मुख्य रस्त्यावर बॅरिकेड लावलं की पोरं रानातून वर जातात. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. पाटी लावून आपलं कर्तव्य संपलं असं मानणं सोपं असतं, पण पाटी कुणाचा हात धरून मागे ओढत नाही.

आणि बंदीचा मार कुणावर बसतो, तेही पाहा. मुंबईकर बंगल्यात पार्टी करून परत जातो. रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणारी, करटोली आणि टाकळ्याच्या जुड्या विकणारी ठाकूर-कातकरी बाई मात्र घरी बसते. तिच्या मुलांच्या वह्या त्या दोन महिन्यांच्या कमाईवर येतात. पोराला कुणी वाहून जाताना पाहिलं की तीच आधी ओरडते, तिचाच नवरा दोर घेऊन धावतो. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांच्यासारखे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरतात, तेव्हा वाट दाखवायला वाडीतलीच माणसं पुढे असतात. या लोकांना सोबत न घेता केलेली कोणतीही व्यवस्था टिकणार नाही.

मग करायचं काय? आपल्याच राज्यात उदाहरणं आहेत. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला वन विभागाबरोबर गावकऱ्यांची समिती काम पाहते. तिकीट आहे, कठड्याची प्रेक्षक गॅलरी आहे, धबधबा समोरून बघता येतो. जवळच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या फुलांच्या हंगामात गर्दीवर मर्यादा ठेवतात आणि जमलेल्या शुल्कातून माणसांना काम देतात. गोव्यात दूधसागरला कुळेहून ठरलेल्या जीपगाड्यांतूनच नेतात आणि पाण्यात उतरायला जीवरक्षक जाकीट सक्तीचं असतं. केरळात अतिरप्पिळीला वन संरक्षण समितीचे लोक, त्यात बायकाही, पर्यटकांवर लक्ष ठेवतात. कुठेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण ‘या आणि मरा’ किंवा ‘येऊच नका’ यांच्या मधली एक वाट आहे, आणि ती लोक चालत आहेत.

आमच्या कर्जत-खालापुरात ही वाट का नसावी? गावाबाहेर पक्का वाहनतळ, तिथेच दोन-चार कॅरव्हॅनला पुरेल अशी जागा, पाणी-वीज, बायकांसाठी आतून कडी लागणारं शौचालय आणि मैल्याची नीट व्यवस्था. तिथून पुढे पायी. पाण्याजवळ दोर, जाकिटं आणि शिट्टी घेऊन उभे असलेले वाडीतले प्रशिक्षित तरुण-तरुणी. पाणी चढलं की शिट्टी, शिट्टी झाली की सगळे बाहेर. जेवण बचत गटाचं, तांदळाची भाकरी आणि रानभाजी. राज्याचं महिलांसाठीचं ‘आई’ पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. योजना कागदावर आहे, ती आपल्या गावापर्यंत ओढून आणणं आपलं काम आहे.

आमच्या सहलीचं काय ठरलं, ते सांगते. कॅरव्हॅनचा विचार आम्ही सोडला. अशा गाडीत चार-सहा जणींची झोपायची सोय होते, आम्ही चौदा. शिवाय धबधब्याजवळ ती उभी करायला तळच नाही. त्याऐवजी वस्तीतल्या एका कृषी पर्यटन केंद्रात एक रात्र राहायचं, जेवण तिथल्या बायकांनी करायचं आणि आम्ही चक्क आयतं बसून जेवायचं. काकूंनी याला सगळ्यात आधी हात वर केला! धबधबा सकाळी बघायचा, दुपारी दोनला परत फिरायचं, कुणी कितीही ‘थोडा वेळ’ म्हटलं तरी. सोबत वाडीतली एक जाणती बाई, तिची मजुरी आधीच ठरवलेली. प्रत्येकीकडे कोरडे कपडे, नेहमीच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, शिट्टी, आणि घरी ठेवलेली एक चिठ्ठी, कुठे जातो आणि कधी येतो याची. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ, पण दरीत रेंज नसते म्हणून चिठ्ठी. पायाला जखम असेल तिने साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. नंतर ताप आलाच तर लेप्टोची शंका डॉक्टरांना सांगायची.

एवढं सगळं ठरवल्यावर मजा काय उरली, असं एका धाकट्या वहिनीने विचारलं. मला उलट वाटतं. घरी काळजी करणारं कोणी नाही, पोटात कळ दाबून धरलेली नाही, परतीची वाट ठाऊक आहे, तेव्हाच बाई खरी मोकळी भिजते.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाजवळ एखादा धबधबा, धरण, नदीचा डोह असेल. पावसाळ्यात तिथे अनोळखी गर्दी होत असेल आणि वर्षाआड एखादी वाईट बातमी येत असेल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. १५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन पावसाळ्यात येते. त्याआधीच्या महिला सभेत हे तीन प्रश्न लेखी मांडा. गाडी कुठे उभी राहणार, बाई कुठे जाणार, पाणी वाढलं तर परत कुठून यायचं. जागा वन विभागाची असेल तर त्यांच्या अधिकाऱ्यांना ग्रामसभेला बोलवायचा ठराव करा. सरपंचपदी आज आपल्यातल्याच कितीतरी जणी आहेत, त्यांना हे सांगायला संकोच कसला? ठरावाची प्रत मागून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते विचारा. एकदा विचारून सोडलेला प्रश्न कागदावर झोपून राहतो. दर सभेला विचारलेल्या प्रश्नाला कधीतरी उत्तर द्यावंच लागतं.